तारा पहिल्यांदा दिसतो तो दिवस

पंचांगात तिथी-नक्षत्रांच्या गर्दीत कधीतरी दोन शब्दांची बारीक नोंद असते: 'अगस्ति लोप'. काही महिन्यांनी दुसरी येते: 'अगस्ति दर्शन'. अगस्ति म्हणजे दक्षिण आकाशातला ठळक तारा, अगस्त्य. शुक्र आणि गुरूचे उदय-अस्तही असेच कोपऱ्यात छापलेले असतात. बहुतेकांची नजर त्यावरून सरकून जाते. माझ्या मते अख्ख्या पंचांगात आकाशाच्या सगळ्यात जवळची ओळ हीच, कारण तिच्यात सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी तपासता येते. जगातल्या बऱ्याच जुन्या दिनदर्शिकांचा खुंटाही याच घटनेला बांधलेला आहे.

आधी घटना नीट समजून घेऊ. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज जवळपास एक अंश पूर्वेकडे सरकतो. त्यामुळे कोणताही तारा रोज ३ मिनिटं ५६ सेकंद लवकर उगवतो. सूर्य ताऱ्याच्या जवळ आला की तारा दिवसाउजेडी उगवतो आणि मावळतो, म्हणून दिसेनासा होतो. हा लोप. सूर्य पुढे निघून गेला की एखाद्या पहाटे तारा पूर्व क्षितिजावर काही मिनिटं दिसतो आणि उजाडत्या आभाळात विरतो. हे दर्शन. दुसऱ्या दिवशी तो चार मिनिटं जास्त दिसतो, आठवड्याभरात ठळक होतो. रोजचा उदय आणि वर्षातून एकदाच होणारं हे दर्शन यांत गल्लत झाली की जुन्या ग्रंथातलं वाक्य पार उलटं वाचलं जातं. 'अमुक तारा उगवतो तेव्हा' असं जुन्या दिनदर्शिकेत आलं, तर बहुतेक वेळा अर्थ 'पहाटे पुन्हा दिसू लागतो तेव्हा' असाच असतो.

दर्शन कोणत्या दिवशी होईल हे आधी सांगायचं कसं? 'सूर्यसिद्धान्त' या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या उदयास्ताधिकारात, म्हणजे उदय-अस्तांच्या प्रकरणात, यासाठी 'कालांश' दिले आहेत. कालांश म्हणजे ताऱ्याचा उदय आणि सूर्योदय यांच्यामधला वेळ, अंशांत मांडलेला. एक कालांश म्हणजे १० पळं, आपली ४ मिनिटं. व्याध, अगस्त्य, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, पुनर्वसु, अभिजित, ब्रह्महृदय या ठळक ताऱ्यांना १३ कालांश, म्हणजे ते सूर्याच्या ५२ मिनिटं आधी उगवू लागले की दिसतात. रोहिणी, मघा, श्रवण, हस्त यांना १४. कृत्तिका, अनुराधा, मूळ यांना १५. भरणी, पुष्य आणि मृगशीर्ष यांना तब्बल २१, म्हणजे ८४ मिनिटं, आणि कारणही तिथेच दिलंय: हे तारे बारीक आहेत. ग्रहांमध्ये गुरूला ११, शनीला १५, मंगळाला १७. शुक्राला मात्र दोन आकडे आहेत. वक्री असताना, म्हणजे पश्चिमेला मावळून पूर्वेला उगवताना ८, आणि एरवी १०. वक्री शुक्र पृथ्वीच्या जवळ असतो, त्याचं बिंब मोठं दिसतं, म्हणून सूर्याच्या अधिक जवळ असूनही तो दिसतो. दुर्बीण नसलेल्या काळात हा फरक टिपून आकड्यात बसवलेला आहे.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. कालांश हे वेळेचं माप आहे, आणि आभाळाचा अंधार ठरतो सूर्य क्षितिजाखाली किती खोल आहे त्यावरून. विषुवदिनाच्या सुमारास २० अंश अक्षांशावर सूर्योदयाआधी ५२ मिनिटं सूर्य साधारण १२ अंश खाली असतो. ५० अंश अक्षांशावर तोच सूर्य तिरका वर येतो, त्यामुळे ५२ मिनिटं आधीही तो फक्त सव्वाआठ अंश खाली असतो आणि आभाळ कितीतरी उजळलेलं असतं. म्हणून १३ कालांशांचा नियम कमी अक्षांशांवर बरा चालतो आणि उत्तरेकडे फसतो. आजचे गणिती याऐवजी तारा आणि सूर्य यांच्या उंचीतला फरक धरतात. व्याधासाठी तो साधारण ९ ते १० अंश लागतो.

दुसरी अडचण हवेची, आणि हीच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तारा अगदी क्षितिजावर कधीच पहिल्यांदा दिसत नाही. २ अंश उंचीवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या जवळपास २० पट जाड थरातून येतो, ५ अंशांवर सुमारे १० पट. ताऱ्याचं तेज 'प्रती'त मोजतात: आकडा जितका मोठा, तितका तारा फिका, आणि सगळ्यात ठळक ताऱ्यांचा आकडा ऋण. चांगल्या हवेत डोक्यावरचा थर पाव प्रत प्रकाश खातो असं धरा. मग ऋण १.४६ प्रतीचा व्याध २ अंशांवर पाच प्रती गमावून साडेतीन प्रतीचा फिका ठिपका होतो, तोही उजळत्या आभाळात. ५ अंशांवर तो एक प्रतीच्या आसपास येतो. हवेत धूळ किंवा बाष्प असेल तर पाव प्रतीची ०.४ होते, आणि ५ अंशांवरसुद्धा चार प्रती जातात. एवढ्यानेच दर्शन दोन ते चार दिवस पुढे ढकललं जातं. तारा तोच, गणित तेच, फक्त हवा वेगळी.

स्वतः बघायचं असेल तर सुरुवात व्याधापासूनच करा. तो सगळ्यांत तेजस्वी तारा आहे आणि त्याच्या आधी मृग उगवत असल्यामुळे वाट सापडते. कृती अशी.

पूर्व-आग्नेय क्षितिज एक-दीड अंशापर्यंत मोकळं दिसेल अशी जागा आधी दिवसा जाऊन ठरवा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. २० ते ३० अंश उत्तर अक्षांशांवर व्याध नेमक्या पूर्वेपासून १८-१९ अंश दक्षिणेला उगवतो, म्हणजे पूर्वेच्या उजवीकडे जेमतेम दोन मुठी. त्या दिशेचं झाड, खांब किंवा डोंगराची खाच खूण म्हणून धरा.

गणिताने आलेल्या दिवसाच्या किमान सहा-सात दिवस आधीपासून जायला लागा. एकच दिवस जाऊन 'दिसला नाही' म्हणण्याला अर्थ नाही. न दिसल्याच्या नोंदी जितक्या पक्क्या, तितकं पहिलं दर्शन पक्कं.

सूर्योदयाआधी ७५ मिनिटं जागेवर पोचा. डोळे अंधाराला सरावले पाहिजेत, म्हणून मोबाइलचा पडदा बघू नका. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे एव्हाना वर आलेले असतात. त्यांना जोडणारी रेघ खाली क्षितिजाकडे वाढवली की ती व्याधाच्या जागेवर येते. सूर्योदयाआधीच्या ४५ ते ३० मिनिटांत नजर तिथेच ठेवा. टक लावून बघण्यापेक्षा जरा बाजूला बघत राहिलं तर फिका ठिपका लवकर उमटतो. पहिल्या दिवशी तो पाच-दहा मिनिटंच टिकतो आणि क्षितिजाजवळच्या हवेमुळे लाल-हिरवा लुकलुकतो.

द्विनेत्री जवळ असू द्या, पण तिचा उपयोग जागा हेरण्यापुरताच. द्विनेत्रीतून दिसलेला तारा एक-दोन दिवस आधीच सापडतो. तो दर्शनाचा दिवस धरला तर जुन्या नोंदींशी तुलनाच बिघडते. नोंदीत तारीख, दिसल्याची आणि विरल्याची वेळ, अंदाजे उंची, हवेची स्थिती आणि 'नुसत्या डोळ्यांनी' असा स्पष्ट उल्लेख ठेवा. दोघं असाल तर एकमेकांना न सांगता वेळ लिहा आणि मग ताडून बघा. अपेक्षा असली की डोळा नसलेला ठिपकाही दाखवतो.

नेहमीच्या चुका दोन. डावीकडे, बरंच उत्तरेला, प्रश्वा असतो. तो व्याध समजून नोंदवला जातो. आणि बुध किंवा शुक्र पहाटेच्या आकाशात असला की त्याच्यावरच नजर खिळते. त्या दिवशी कोणते ग्रह कुठे आहेत हे आदल्या रात्रीच बघून ठेवा.

आता हेच गणित इजिप्तला लावून बघा. तिथलं नागरी वर्ष ३६५ दिवसांचं: ३० दिवसांचे १२ महिने आणि वरचे ५ दिवस. व्याध सुमारे ७० दिवस दिसेनासा होऊन नाईलच्या पुराच्या सुमारास परत यायचा, मेम्फिसच्या अक्षांशावर ज्युलियन (आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेआधीच्या) गणनेने १९ जुलैच्या आसपास. हे परतणं जवळजवळ ३६५.२५ दिवसांनी व्हायचं, म्हणजे नागरी दिनदर्शिकेत दर चार वर्षांनी एक दिवस पुढे. पूर्ण फेरी व्हायला १४६१ इजिप्ती वर्षं लागायची. इ.स. १३९ मध्ये हे दर्शन वर्षाच्या पहिल्या दिवशी आलं अशी नोंद रोमन लेखक सेन्सोरिनस याने केली आहे. तिथून १४६० वर्षं मागे गेलं की आधीची जुळणी इ.स.पू. १३२१ च्या आसपास येते.

एबर्स पपायरस या प्राचीन इजिप्ती वैद्यकीय हस्तलिखितावर आमेनहोतेप पहिला याच्या नवव्या वर्षातली नोंद आहे: शेमू ऋतूचा तिसरा महिना, नववा दिवस, व्याधाचं दर्शन. शेमू हा तिसरा ऋतू, प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा, म्हणजे हा वर्षाचा अकरावा महिना आणि ३०९वा दिवस. पुढच्या नववर्षाला उरले ५७ दिवस. ५७ ला ४ ने गुणा, २२८ वर्षं. १३२१ मध्ये ती मिळवली की इ.स.पू. १५४९. ढोबळ हिशेब आहे, पण एका राजाचं वर्ष एका ताऱ्यावरून असं हाती लागतं.

पण हे निरीक्षण केलं कुठे? नोंदीत ते नाही. मेम्फिस ३० अंशांवर, आस्वानजवळचं एलेफंटाइन २४ अंशांवर. व्याधाचं दर्शन दर अंशाला साधारण एक दिवस सरकतं, दक्षिणेला लवकर. म्हणजे दोन गावांत सहा दिवसांचा फरक, आणि दर दिवसाची चार वर्षं धरली की राजाचा काळ २४ वर्षं अलीकडे येतो. धुळीने दर्शन एक दिवस लांबलं असेल तर आणखी चार वर्षांचा गोंधळ. इजिप्तच्या राजांच्या सनावळ्यांत वीस-पंचवीस वर्षांचे वाद दिसतात, त्यातला मोठा भाग या एका प्रश्नातून आलेला आहे.

इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने इ.स.पू. २३८ मध्ये दर चौथ्या वर्षी सहावा वरचा दिवस घालायचा हुकूम काढला होता. तो रुजला नाही. ते नंतर ऑगस्टसच्या काळात झालं.

स्थळाचा हा मुद्दा आपल्याकडे फार स्वच्छ मांडलेला सापडतो. बृहत्संहितेत वराहमिहिर सांगतो की अगस्त्याचं दर्शन प्रत्येक प्रदेशासाठी वेगळं गणित करून सांगावं, आणि मग उज्जयिनीचा आकडा देतो: स्पष्ट सूर्य कन्येत शिरायला सात अंश उरलेले असताना. अगस्त्याच्या बाबतीत हा इशारा किती गरजेचा आहे ते आकड्यांतच बघा. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, सुमारे ५२.७ अंश दक्षिण. १० अंश उत्तर अक्षांशावर तो क्षितिजावर दहा तासांहून थोडा जास्त राहतो, २० अंशांवर सव्वाआठ तासांच्या आत, ३० अंशांवर साडेपाच तासही नाही, आणि ३७ अंशांच्या वर उगवतच नाही. १० वरून २० अंशांवर गेलं की उदय एक तासाने उशिरा होतो, म्हणजे दर्शन सुमारे दोन आठवडे पुढे. २० वरून ३० वर गेलं की तीन आठवड्यांहून जास्त. एका गावचं 'अगस्ति दर्शन' दुसऱ्या गावाने जसंच्या तसं वापरायचं नाही, ते याच कारणासाठी. व्याधाच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी मोठी.

बॅबिलोनियात दिनदर्शिका चंद्रावर चालायची, त्यामुळे त्यांची अडचण वेगळी. बारा चांद्रमास ३५४.३७ दिवसांचे, ऋतुवर्ष ३६५.२४ दिवसांचं, दर वर्षी सुमारे १०.९ दिवसांची तूट. ती भरायला अधिक महिना कधी घालायचा याचा एक नियम 'मुल-अपिन' या मातीच्या पाट्यांवरच्या संग्रहात आहे, आणि मला तो फार आवडतो. निसन्नु या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी चंद्र कृत्तिकांच्या बरोबर असेल तर वर्ष साधं. तिसऱ्या दिवशी असेल तर अधिक महिना घाला.

दोन दिवसांच्या फरकात महिना कसा काय मावतो? चंद्र रोज सुमारे १३ अंश चालतो. महिन्याच्या पहिल्या संध्याकाळी कोर सूर्यापासून साधारण १५ अंशांवर असते. कोर कृत्तिकांपाशी असेल तर सूर्य त्यांच्या १५ अंश अलीकडे आहे. तिसऱ्या संध्याकाळी चंद्र सूर्यापासून ४० अंशांवर गेलेला असतो. तेव्हा तो कृत्तिकांपाशी पोचला, तर पहिल्या संध्याकाळी सूर्य त्यांच्यापासून जवळपास ४० अंश मागे होता. म्हणजे दिनदर्शिका सूर्याच्या २५-२६ दिवस पुढे पळाली आहे. एक महिना घातला की ती जाग्यावर येते. पहाटेच्या दर्शनाची वाट बघायला नको, क्षितिजावरच्या धुळीची भीती नको. संध्याकाळी कोर बघायची, शेजारी कृत्तिका आहेत का ते बघायचं आणि निर्णय घ्यायचा. पुढे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास तिथे १९ वर्षांत ७ अधिक महिन्यांचं चक्र स्थिरावलं. २३५ चांद्रमास आणि १९ ऋतुवर्षं यांत फक्त दोन तासांचा फरक राहतो, तेव्हा आकाशाकडे न बघताही चालू लागलं. आपल्याकडचा अधिक श्रावण २००४ आणि २०२३ मध्ये आला, अधिक ज्येष्ठ २००७ आणि २०२६ मध्ये, तो याच जुळणीमुळे.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी तारा सोडून शुक्र धरला. त्यांच्या, आता ड्रेस्डेन पोथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, हस्तलिखितातल्या कोष्टकात शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं आहे आणि त्याचे चार तुकडे: २३६ दिवस पहाटे, ९० दिवस लोप, २५० दिवस संध्याकाळी, ८ दिवस लोप. हा ८ दिवसांचा लोप म्हणजे सूर्यसिद्धान्तातला ८ कालांशांचा वक्री शुक्र, तीच घटना. सरासरी ८ बरोबर आहे, पण प्रत्यक्षात हा लोप कधी दोन-तीन दिवसांत आटोपतो, कधी पंधरवडा घेतो. मोठा लोप खरा सुमारे ५० दिवसांचा. कोष्टकात तो ९० आहे, म्हणजे तिथे निरीक्षणापेक्षा दुसऱ्या हिशेबाला मान दिलाय.

खरं चक्र ५८३.९२ दिवसांचं. ६५ चक्रांत ५ दिवसांची चूक साचते. ती काढायची तर कोष्टकाचा आरंभ मागे घ्यायला हवा, पण त्यांना तो २६० दिवसांच्या पवित्र चक्राच्या ठरावीक दिवशीच हवा होता. म्हणून ६१ चक्रांनंतर ४ दिवस कमी करायचे: ३५,६२४ वजा ४ म्हणजे ३५,६२०, बरोबर २६० गुणिले १३७. किंवा ५७ चक्रांनंतर ८ दिवस: ३३,२८८ वजा ८ म्हणजे ३३,२८०, बरोबर २६० गुणिले १२८. चार वेळा पहिली आणि एकदा दुसरी दुरुस्ती केली तर ३०१ चक्रांत, म्हणजे सुमारे ४८१ वर्षांत, एका दिवसाचीही चूक उरत नाही. स्वतः कागदावर मांडून बघा, बघण्यासारखा हिशेब आहे.

जुनी नोंद संगणकावर तपासणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिली, वर्षाचं चिन्ह. खगोलीय गणनेत शून्य वर्ष असतं, म्हणून इ.स.पू. १३२१ टाकायचं तर ऋण १३२० लिहा. दुसरी, १५८२ च्या आधीच्या तारखा बहुतेक सॉफ्टवेअर ज्युलियन दाखवतं. त्या आजच्या ऋतूंशी थेट ताडू नका. तिसरी, ताऱ्याची निजगती, म्हणजे इतर ताऱ्यांच्या तुलनेत त्याचं स्वतःचं सरकणं, चालू आहे ना बघा. व्याध वर्षाला १.३ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) थोडा जास्त सरकतो, चार हजार वर्षांत जवळपास दीड अंश. चौथी, हवेमुळे प्रकाश कमी होण्याचा पर्याय सुरू ठेवा, नाहीतर पडद्यावर तारा क्षितिजावरच लखलखीत दिसतो आणि तारीख दोन-तीन दिवस आधीची निघते.

अयनचलनाचा, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरल्यामुळे ताऱ्यांच्या तुलनेत संपातबिंदू सरकण्याचा, हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ७२ वर्षांना एक अंश, म्हणजे क्रांतिवृत्ताजवळच्या (सूर्याच्या वार्षिक वाटेजवळच्या) ताऱ्याचं दर्शन आजच्या दिनदर्शिकेत साधारण सत्तर वर्षांना एक दिवस पुढे जातं. व्याध क्रांतिवृत्तापासून बराच दक्षिणेला असल्याने त्याला हा दर जसाच्या तसा लागत नाही. ३० अंश अक्षांशावर तो सध्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिसू लागतो.

याच अयनचलनाच्या जोरावर भारतीय ज्योतिषाचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत' या शतपथ ब्राह्मणातल्या वाक्यावरून इ.स.पू. ३००० च्या आसपासचा काळ काढला. दीक्षितांचं गणित चोख आहे. प्रश्न आहे तो 'पूर्व' या शब्दाला किती ताण द्यायचा याचा. कृत्तिका विषुववृत्तावर होत्या त्या काळात त्यांची क्रांती सुमारे १८० वर्षांना एक अंश बदलत होती. ३० अंश अक्षांशावर क्षितिजावरची एका अंशाची चूक म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं. त्यात कृत्तिका मंद. पाचेक अंश वर आल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत, आणि तेवढ्या वर येईपर्यंत त्या अक्षांशावर त्या जवळपास तीन अंश दक्षिणेकडे सरकलेल्या असतात. म्हणजे नेमक्या पूर्वेला उगवणाऱ्या कृत्तिका बघणाऱ्याला पूर्वेच्या थोड्या उजवीकडेच दिसणार, आणि ज्या काळात त्या दिसताना बरोबर पूर्वेला असतील तो काळ चारशे-साडेचारशे वर्षांनी अलीकडचा.